मीटरवर ७८ आले, पण कुठल्या पट्टीवर?

(गोव्यात शिवोलीतल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ)

बी-३०४: काल रात्री ११.४० ला आवाज मोजायच्या मीटरवर ७८ डेसिबल आले. फोटो टाकलाय. बाबांना दोन रात्री झोप नाही. आता तक्रार करूच.

ए-१०१ काकू: आमच्या कपाटाच्या काचा थरथरत होत्या गो. वागातोरच्या बाजूनेच येतं ते डीजेचं संगीत.

सेक्रेटरी: उद्या अर्ज देतो. फोटो जोडतो.

सी-२०२: साहेब, थांबा जरा. फोटो मोठा करून पाहिला. कोपऱ्यात 'सी' ही पट्टी, म्हणजे मीटरचं सेटिंग, आणि 'मॅक्स', म्हणजे सर्वात मोठा आकडा, दिसतंय. या आकड्यावर अर्ज टिकणार नाही. नोकरीत ही यंत्रं हाताळलीत म्हणून सांगतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहेत. तेही 'ए' पट्टीवर आणि एलईक्यू, म्हणजे ठराविक वेळेतली सरासरी. आपले ७८ एका क्षणाचे. दारावरून बुलेट गेली तरी मॅक्स तिथेच अडकून राहतं.

बी-३०४: दादा, 'ए'वर ६१च दाखवत होतं, म्हणून मी बदललं.

सी-२०२: अगं, ६१ खूप झाले! ४५ च्या १६ वर. तक्रारीला १० वर असले तरी पुरे. 'ए' पट्टी माणसाच्या कानासारखी, खालचे सूर कापते. ६३ हर्ट्झला, म्हणजे डीजेची धडधड असते तिथे, ती २६ डेसिबल कमी धरते. 'सी' जेमतेम १. म्हणून काकूंच्या काचा हलतात आणि 'ए'चा आकडा साधाच दिसतो. 'सी'ही नोंदव, पण वेगळं. बास, म्हणजे खालचे सूर, किती आहे ते त्या दोघांतल्या फरकावरून कळतं.

बी-३०४: मग आज नेमकं काय लावू?

सी-२०२: पट्टी ए. रिस्पॉन्स 'स्लो' ठेव, 'फास्ट'वर सेकंदाच्या आठव्या भागात बदलतो, आकडा नाचतो. मॅक्स आणि होल्ड (आकडा गोठवणारं बटण) बंद. रेंज ३० ते ८०, आणि 'ओव्हर' किंवा 'अंडर' दिसलं तर ती नोंद धरायची नाही. मेनूत एलईक्यू आहे का बघ.

ए-१०१ काकू: नसलं तर मी वहीत लिहून सरासरी काढीन.

सी-२०२: काकू, साधी बेरीज-भागाकार चालत नाही इथे. अर्धा वेळ ५० आणि अर्धा वेळ ७० असेल तर सरासरी ६० नाही, ६७ येते. मोठा आवाजच सगळं खेचून नेतो.

बी-३०४: सापडलं! १, ५, १० मिनिटं असे पर्याय आहेत.

सी-२०२: १० ठेव. आणि काल मीटर बाल्कनीच्या कठड्यावर होतं ना? भिंतीवरून आवाज परततो, आकडा फुगतो. गच्चीच्या मधोमध तिपाईवर, कमरेच्या वर. माइकवरचा फोमचा गोळा काढू नकोस, समुद्राचा वारा नुसता माइकवर आपटला तरी आकडा चढतो. मी कॅलिब्रेटर, म्हणजे मीटर तपासायला ठराविक आवाज देणारं यंत्र, आणतो. तेवढ्यापुरती रेंज वाढवून १००० हर्ट्झला ९४ दाखवायलाच हवेत, मोजण्याआधी आणि नंतरही. शेवटी संगीत बंद झाल्यावर त्याच जागी एकदा मोजायचं, नाहीतर म्हणतील रस्त्याचाच आवाज होता.

बी-३०४: ते तर पहाटे तीनला बंद करतात.

सी-२०२: मी जागा राहतो. तू बाबांपाशी बस.

सेक्रेटरी: अर्ज मंगळवारी देऊ मग. गच्चीची किल्ली वॉचमनकडे ठेवतोय. लिफ्ट बंद आहे, तिपाई जिन्याने न्यावी लागेल.