युरोपातल्या अंगावर काटा आणणाऱ्या जागा : तुमचे अनुभव लिहा

युरोप म्हटलं की आयफेल टॉवर, स्विस बर्फ, ट्युलिपच्या बागा हे ठरलेलंच. पण काही जागा अशा असतात की पाहून आल्यावर रात्री जेवण जात नाही, तरी लोकांना 'जाऊन याच' म्हणावंसं वाटतं. अशा जागांबद्दल लिहू या. नुसत्या भुताच्या अफवा नकोत; तिथे काय घडलं होतं ते जरूर सांगा.

सुरुवात मी करते. ऑस्ट्रियातलं हालस्टाट. तळ्याकाठच्या या गावाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, पण चर्चजवळच्या कबरस्तानातली हाडांची खोली बरेच जण चुकवतात. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे पाणी. पुरायला जागाच नाही. म्हणून काही वर्षांनी कबर उकरायची, कवटी साफ करून उन्हात ठेवायची आणि पांढरी झाली की तिच्यावर नाव आणि वेलबुट्टी रंगवायची. अशा सुमारे 1200 कवट्या आहेत, त्यातल्या 600 च्या वर रंगवलेल्या. एकेका घरातल्या शेजारी शेजारी ठेवल्यात. शेवटची एका बाईची. ती 1983 मध्ये गेली आणि तिच्याच इच्छेनुसार 1995 मध्ये तिची कवटी इथे आली. तिचा सोन्याचा दात अजून चमकतो. मला तिथे भीती वाटली नाही, आपल्या माणसांना जवळ ठेवायची धडपड दिसली.

*

ताई, याच्या उलट अनुभव झेक प्रजासत्ताकातल्या कुटना होराजवळच्या सेडलेकमधल्या हाडांच्या चर्चचा. लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या फ्रान्तिशेक रिंट याने 1870 मध्ये हजारो माणसांच्या हाडांची सजावट केली. झुंबर तर आहेच, पण मी थबकलो ते श्वार्झेनबर्ग या सरदार घराण्याच्या, हाडांनीच बनवलेल्या चिन्हापाशी. त्यात कावळा एका तुर्काचा डोळा टोचतोय! भिंतीवर रिंटची सहीसुद्धा हाडांचीच. कसब अफाट, पण प्लेगात आणि युद्धात मेलेल्यांचा असा दागिना करणं मला पटलं नाही.

*

मी इंग्लंडमध्ये राहते. डर्बीशरमधलं ईम गाव जरूर पाहा. 1665 मध्ये लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडाबरोबर इथे प्लेग आला, असं सांगतात. पुढच्या वर्षी धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन यांच्या सांगण्यावरून गावाने स्वतःलाच कोंडून घेतलं, रोग शेजारी पसरू नये म्हणून. वेशीवर एक दगड आहे, त्यात खळगे. खळग्यात व्हिनेगर, त्यात नाणी टाकायची. बाहेरची माणसं धान्य ठेवून नाणी घेऊन जायची. त्या खळग्यात मी बोट घालून पाहिलं. कडा झिजून गुळगुळीत झाल्यात.

एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं एकटीने पुरली. शेतातल्या त्या कबरींपाशी मला रडू आवरलं नाही. आमच्याकडे पुण्याच्या 1897 च्या प्लेगाच्या गोष्टी पणजीपासून चालत आल्यात. तेव्हा लोक घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहिले. जीव वाचवायला बाहेर पडणं मला समजतं. ईमची माणसं आतच थांबली, हे अजून पचत नाही.

*

फ्रान्समधलं ओरादूर-सुर-ग्लान. 10 जून 1944 ला नाझी सैनिकांनी 643 माणसं मारली. पुरुषांना कोठारांत, बायका-मुलांना चर्चमध्ये. गाव जळक्या अवस्थेत तसंच राखलंय. ट्रामचे रूळ, गंजलेल्या मोटारी, आणि घराघरांतल्या शिवणयंत्रांचे सांगाडे. माझी आई शिवणकाम करायची. जास्त लिहिता येत नाही.

*

आई-बाबांना घेऊन पॅरिसला जातोय. तिथलं हाडांचं भुयार दाखवावं का?

*

पॅरिसच्या कबरस्तानांत जागा उरली नाही म्हणून 1786 पासून जुन्या दगडखाणींत हलवलेली सुमारे 60 लाख माणसांची हाडं आहेत, विलक्षण जागा आहे. पण बरंच चालावं लागतं, पायऱ्या पुष्कळ आणि लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील तर त्यांना वर बागेत बसवा आणि तुम्ही जाऊन या. स्वेटर न्या, आत बारा महिने 14 अंशच असतं.