डाकोटाच्या काळात कोकणच्या सड्यांवर विमान का उतरले नाही?

तेरेखोलकाठचा (प्रश्न)

सर्वांना सप्रेम नमस्कार. आमचे गाव आरोंद्याच्या बाजूला, तेरेखोलच्या खाडीला लागून आहे. खाडी ओलांडली की गोवा. पोर्तुगीज अमलाच्या शेवटच्या काही वर्षांत दाबोळीकडे जाणारी विमाने आमच्या किनाऱ्यावरून, हवा स्वच्छ असली तर, समुद्राच्या अंगाने जाताना दिसत, आणि त्यांतली काही चार इंजिनांची होती, असे घरातील वडीलधारी मंडळी आवर्जून सांगत आली आहेत.

यावरून दोन प्रश्न पडले. सहा लाखांच्या आतबाहेर वस्ती असलेल्या गोव्यासारख्या लहानशा प्रदेशाला चार इंजिनांची विमाने बाळगणारी स्वतःची विमान कंपनी कशी काय परवडली? आणि दुसरे असे की, त्याच काळात भारताकडे डाकोटा (डग्लस डीसी-३) ही दुसऱ्या महायुद्धातली दोन इंजिनांची विमाने ढिगाने होती. डाकोटा माळरानावरही उतरते अशी तिची ख्याती आहे, आणि देवगड, मालवण, वेंगुर्ले या सगळ्या पट्ट्यात सपाट कातळाचे सडे मैलोन् मैल पसरलेले आहेत. असे असताना मुंबई आणि गोवा यांच्या मधल्या जुन्या अखंड रत्नागिरी जिल्ह्यात त्या काळी नियमित प्रवासी विमानसेवा का आली नाही? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

जुनी_वेळापत्रके

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. त्या कंपनीचे नाव ‘ट्रान्सपोर्तिश आएरिओश द इंडिया पोर्तुगेझा’, म्हणजे पोर्तुगीज भारताची हवाई वाहतूक सेवा. आद्याक्षरांवरून तिला ‘टाईप’ म्हणत. तिची स्थापना १९५५ ची आहे आणि हे साल योगायोगाने आलेले नाही. १९५४-५५ मध्ये भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी केली, कॅसलरॉकमार्गे मुरगावला जाणारी रेल्वे बंद पडली, सरहद्दीवरची ये-जा थांबली आणि गोवा, दमण व दीव हे तीन तुकडे एकमेकांपासूनही तुटले. त्यांना जोडणारा मार्ग एक बोटीने समुद्रातून किंवा मग विमानाने समुद्राच्या वरून, एवढाच उरला. दाबोळीचे विमानतळ याच निकडीतून उभे राहिले आणि गव्हर्नर जनरल बेनार्द गेदिश यांचे नाव त्याला देण्यात आले. दमण आणि दीव येथील धावपट्ट्याही त्याच सुमाराच्या आहेत.

म्हणजे ‘परवडणे’ हा शब्द येथे फारसा लागू पडत नाही. ही कंपनी तिकिटांच्या उत्पन्नावर चालावी म्हणून काढलेली नव्हती. लिस्बनच्या सरकारला आपली वसाहत जगाशी जोडलेली ठेवायची होती आणि त्याची ती किंमत होती. कोणत्याही हिशेबी व्यापाऱ्याने हा धंदा केला नसता.

चार इंजिनांचे म्हणाल, तर त्यांतही दोन जाती होत्या. सुरुवातीची विमाने डी हॅविलंड कंपनीची ‘हेरॉन’. यांना इंजिने चार असली तरी प्रत्येक इंजिन जेमतेम २५० अश्वशक्तीचे आणि आत माणसे बसत चौदा ते सतरा. ‘चार इंजिनांचे विमान’ म्हटल्यावर जे धूड डोळ्यांपुढे येते, तसे ते मुळीच नव्हते. त्यानंतर ‘व्हायकिंग’ आली, ती दोन इंजिनांची. ‘वेलिंग्टन’ या युद्धकालीन बॉम्बफेकी विमानावरून ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीने ती घडवली होती आणि तिची एकूण १६३ विमाने बनली. खरोखर मोठे म्हणावे असे विमान त्यानंतरचे, डग्लस डीसी-४.

डीसी-४ ची गरज का पडली, हे नकाशा पाहिल्याशिवाय कळत नाही. भारतावरून उडण्यास मनाई असल्यामुळे गोव्याहून युरोपकडे निघालेल्या विमानाचा पहिला मोठा मुक्काम कराची, आणि हे अंतर समुद्रावरून सरळ रेषेत मोजले तरी बाराशे किलोमीटरांहून अधिक भरते. वाटेत दमण आणि दीव सोडले, तर अडीअडचणीला उतरायला दुसरी जागा नाही. अशा मार्गावर एक इंजिन बंद पडले तर उरलेल्या तिघांवर वाट कापता यावी, हा विचार त्या काळी सर्वमान्य होता. तुमच्या वडीलधाऱ्यांना विमाने समुद्राच्या अंगाने दिसत, त्याचे कारणही हेच असावे. किनाऱ्यावरून आत येण्याची त्यांना परवानगीच नव्हती.

---

रेंच_आणि_रिव्हेट

मी विमान देखभाल अभियंता म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर मालवणात स्थायिक झालो आहे. मी शिकाऊ असताना डाकोटा उतरणीला लागल्या होत्या, परंतु ज्यांनी आम्हाला शिकवले त्यांचे हात डाकोटावरच बसलेले होते.

‘डाकोटा माळरानावरही उतरते’ हे खरे आहे, पण ते अर्धेच सांगितले जाते. उतरणे ही एक गोष्ट आणि रोज ठरलेल्या वेळी उतरून ठरलेल्या वेळी पुन्हा उडणे ही निराळी गोष्ट. डाकोटाला प्रॅट अँड व्हिटनीची दोन ‘ट्विन वास्प’ इंजिने असत, प्रत्येकी चौदा सिलिंडरांची आणि साधारण १२०० अश्वशक्तीची. सिलिंडर वर्तुळाकार मांडलेले असल्याने विमान रात्रभर उभे राहिले की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साठते. म्हणून सकाळी इंजिन सुरू करण्याआधी दोघातिघांनी मिळून पंख्याची पाती एकामागून एक हाताने ओढत काही फेरे द्यायचे. पाते मध्येच अडले तर जोर लावायचा नाही, खालचा स्पार्क प्लग काढून तेल बाहेर सोडायचे, अशी सक्त ताकीद असे, कारण जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि ते कदाचित विमान हवेत गेल्यावरच समजते. एवढे सोपस्कार झाल्यावर इंजिन खोकत, निळा धूर ओकत सुरू होई आणि मग तेलाचा दाब व तापमान जागेवर येईपर्यंत सगळ्यांनी वाट पाहायची. दोन इंजिनांचे मिळून अठ्ठावीस सिलिंडर आणि प्रत्येकाला दोन, म्हणजे छप्पन्न प्लग. एअर इंडिया इंटरनॅशनलच्या ‘कॉन्स्टेलेशन’वर राइट कंपनीची अठरा सिलिंडरांची चार इंजिने असत, तेथे हाच आकडा १४४ वर जातो. आजच्या जेट इंजिनांवर काम करणाऱ्या मुलांना हे सांगितले की ती हसतात.

सांगायचे असे की, विमान जेथे रोज येणार तेथे प्रशिक्षित माणूस, सुटे भाग, शंभर ऑक्टेनचे पेट्रोल, वैमानिकाला दिशा दाखवणारे रेडिओ बीकन आणि हवामानाची खबर देणारे कार्यालय हे सगळे लागते. दाबोळीला मुरगाव बंदर खेटून आहे, त्यामुळे इंधन आणि सामान जहाजातून थेट धक्क्यावर उतरे. देवगडच्या सड्यावर पेट्रोलची पिंपे त्या काळच्या घाटरस्त्याने न्यायची म्हटली, तर विमानाच्या आधी चांगला रस्ताच करावा लागला असता.

पावसाळा तर वेगळाच. डाकोटात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, त्यामुळे ती साधारण दहा हजार फुटांच्या खालीच उडे, म्हणजे जूनपासून नेमकी ढगांच्या पोटातून. एका बाजूला सह्याद्री आणि खाली उपकरणांच्या आधाराने उतरण्याची काही सोय नसलेला कातळ, अशा स्थितीत कोणत्याही वैमानिकाने मुंबईला परतणेच पसंत केले असते.

---

बंदरकाठ

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, परंतु तांत्रिक अडचणींवर सगळा भार टाकणे मला पटत नाही. तशाच अडचणी काठेवाडातही होत्या आणि तेथे विमाने गेली. माझ्या मते कारण अधिक करून पैशाचे आणि राजकारणाचे आहे.

युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याची शिल्लक डाकोटा विमाने येथे स्वस्तात विकली गेली, बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात त्यांची प्रवासी रूपे तयार झाली आणि ज्याच्याकडे थोडे भांडवल होते त्याने विमान कंपनी काढली. विमाने उदंड आणि प्रवासी मोजके, अशी गत झाली. १९५० मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने या धंद्याची चौकशी केली, तेव्हा गरजेपेक्षा कंपन्या जास्त असल्याचेच दिसून आले. शेवटी १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन स्थापन झाले. त्या दिवशी त्यांच्या ताफ्यात ९९ विमाने होती, त्यांपैकी ७४ डाकोटा, १२ व्हायकिंग, ३ डीसी-४ आणि बाकीची किरकोळ. हा ताफा दिसायला मोठा असला तरी जुना होता, आणि तोट्यात आलेल्या महामंडळाने नवे तोट्याचे मार्ग सुरू करावेत, अशी अपेक्षा कोणी धरली नसती.

आता काठेवाडाचे पाहा. युद्धाआधीपासून तेथे सेवा देणारी ‘एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया’ ही कंपनी पुढे सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनच्या ताब्यात गेली. आपल्या कोकण किनाऱ्यावर बोटी चालवणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही सिंदियांचीच. म्हणजे एकाच मालकाच्या एका हातात विमाने आणि दुसऱ्या हातात आगबोटी होत्या. त्याने काठेवाडाला विमान दिले आणि कोकणाला बोट. यात कोकणावर मुद्दाम अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. भावनगर, जामनगर, पोरबंदर येथे संस्थानिक होते आणि त्यांनी हौसेने किंवा प्रतिष्ठेसाठी विमानतळ बांधून ठेवलेले होते. घाटावर कोल्हापूरलाही राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत धावपट्टी झाली. बेळगावजवळ सांबऱ्याला युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलाने तळ बांधला. रत्नागिरी जिल्हा मात्र थेट इंग्रजी अमलाखाली होता, युद्धाच्या दृष्टीने त्याला महत्त्व नव्हते आणि सावंतवाडीसारखे लहान संस्थान असा खर्च उचलू शकणारे नव्हते. आयती धावपट्टी नव्हती, म्हणून विमान आले नाही. इतका सरळ हा मामला आहे.

शिवाय विमानाने जाणार कोण, हाही प्रश्न होताच. मुंबईत गिरणीत काम करणारा चाकरमानी गणपतीला किंवा शिमग्याला गावी येई तो बोटीच्या डेकवर बसून, नाहीतर पुढे एसटीने. पावसाळ्यात बोटी बंद होत तेव्हा विमानाची खरी गरज असे, आणि तेव्हाच विमान येणे सर्वांत अवघड होते. आमच्या भागातल्या ज्या माणसांचा त्या काळच्या विमानांशी थेट संबंध आला, ते बहुधा जहाजावरचे खलाशी. ३ नोव्हेंबर १९५० रोजी माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलेल्या एअर इंडियाच्या ‘मलबार प्रिन्सेस’ या कॉन्स्टेलेशनमधले प्रवासीही जहाजावर रुजू होण्यासाठी निघालेले भारतीय खलाशीच होते. त्या अपघातात विमानातील सर्व ४८ जण दगावले.

सड्यांविषयी तुमचे निरीक्षण मात्र चुकीचे नाही. दाबोळी सड्यावरच आहे, रत्नागिरीची पुढे झालेली धावपट्टीही सड्यावरच आहे, आणि ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्गातील चिपीला प्रवासी सेवा सुरू झाली तीही सड्यावरच, एटीआर ७२ या पंख्याच्या विमानाने. कातळ आधीपासून होता. त्यावर खर्च करणारा कोणी नव्हता.

---

तेरेखोलकाठचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रेंच काका, आपण लिहिलेला पाती ओढण्याचा प्रकार मी प्रथमच वाचला. एक उपप्रश्न विचारतो. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय हवाई दलाने दाबोळीवर बॉम्ब टाकले, तेव्हा या कंपनीच्या विमानांचे काय झाले? आमच्याकडे कोणी म्हणते ती जळाली, कोणी म्हणते ती पळवली.

---

जुनी_वेळापत्रके

दुसरे बरोबर आहे, निदान मोठ्या विमानांपुरते. १८ डिसेंबरला सकाळी हवाई दलाच्या कॅनबेरा या बॉम्बफेकी विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्बफेक केली. इमारतींना धक्का लावू नये, अशा सूचना वैमानिकांना होत्या. तेव्हा तेथे दोन मोठी प्रवासी विमाने उभी होती: एक लिस्बनच्या ‘टाप’ कंपनीची सुपर कॉन्स्टेलेशन आणि दुसरी ‘टाईप’ची डीसी-४. ही दोन्ही धड अवस्थेत हाती लागावीत, म्हणून त्यांनाही वगळण्यात आले होते.

धावपट्टीवर खड्डे पडल्यामुळे ती उडू शकणार नाहीत, असा सगळ्यांचा समज होता. परंतु पोर्तुगीजांनी दिवसभरात धावपट्टीचा काही भाग घाईघाईने दुरुस्त केला आणि अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना घेऊन दोन्ही विमाने रात्रीच्या अंधारात उडाली.

---

रेंच_आणि_रिव्हेट

यात एक भर घालतो, कारण त्याशिवाय या उड्डाणाचे मोल समजत नाही. पूर्ण भरलेली सुपर कॉन्स्टेलेशन साठ टनांच्या वर जाते, डीसी-४ तेहतीस टनांच्या आसपास आणि आपली डाकोटा बारा टनांच्या. डाकोटाने तुटक्या धावपट्टीवरून उडावे यात नवल नाही, तिचा जन्मच त्यासाठी. सुपर कॉन्स्टेलेशनचे पुढचे चाक मात्र उंच, सडपातळ दांड्यावर असते आणि तिचे पंखे जमिनीपासून फार दूर नसतात. एक खड्डा चुकला तर पाते जमिनीला लागून सगळेच संपते. दिवे न लावता, उरलेल्या पट्टीचा अंदाज घेत, हवे तेवढेच पेट्रोल भरून त्यांनी ती उचलली असणार. कराचीपर्यंतचे अंतर या विमानाच्या पल्ल्याच्या मानाने थोडे होते, म्हणून टाक्या अर्ध्यामुर्ध्या ठेवून वजन कमी करणे शक्य झाले असावे. लिस्बनपर्यंतचे इंधन एकदम भरून त्या पट्टीवरून ते उडालेच नसते.

---

जुनी_वेळापत्रके

काकांचा तर्क पटण्यासारखा आहे. दोन्ही विमाने समुद्रावरून कराचीला पोहोचली आणि तेथून पुढे पोर्तुगालला गेली. ‘टाईप’चे काम तेथेच संपले, आणि दाबोळीचा ताबा १९६२ मध्ये आपल्या नौदलाकडे गेला.