पहिली ते चौथीची २३ मुलं आणि एकच पेटी: संगीत शिकवायला सुरुवात कुठून करू?

सागरवाट:
नमस्कार. राजापूर तालुक्यातल्या वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पट २३. वाडीच्या भजन मंडळाने नवी पेटी घेतली आणि जुनी शाळेला दिली. टाळांचे चार जोड आहेत, लेझमी आहेत, ढोलकी आहे पण तिची एक पुडी फाटलेली. माझा गळा बरा आहे, पेटी मात्र येत नाही. डी.एड.ला असताना जे काय शिकले तेवढंच.

पहिल्या दिवशी उत्साहाने सा रे ग म सुरू केलं. एक मूल पेटीवर, बाकीची बावीस बघत बसलेली. दहा मिनिटांत मागची पोरं खिडकीत जाऊन माकडं बघायला लागली. शिवाय परिपाठाला मी ज्या सुरात सुरू करते त्यात पहिलीची मुलं खालच्या ओळी नुसत्या घोगऱ्या बोलतात, गाणं होतच नाही. पेटीची एक पट्टी मुकी आहे, एक दाबली की वर येत नाही. आठवड्याला दोन तास देऊ शकते. सुरुवात कुठून करू? ही मुलं गावीत असं मला फार मनापासून वाटतं.

डबलबारी:
ताई, ज्यांनी पेटी दिली त्या मंडळाच्या बुवांनाच 'आनंददायी शनिवार' या उपक्रमाला शाळेत बोलवा. आमच्याकडे बुवा तासभर येतात, मानधन घेत नाहीत, फक्त चहा. पोरं त्यांना देवळात ऐकत वाढलेली असतात, त्यामुळे वेगळी शिस्त लावावी लागत नाही. ढोलकीची पुडीही तेच कुठून तरी बदलून आणतील.

काळी एक:
सागरवाट ताई, मी १९ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, पेटी त्याआधीपासून वाजवतो. आधी परिपाठाचं बोलतो, कारण घोगरेपणाचं मूळ तुम्ही धरता त्या सुरात आहे, मुलांत नाही. तुम्हाला सोयीचा सा पहिलीच्या मुलांना फार खाली पडतो. एक करा. एका मुलाला मैदानाच्या टोकाला उभं करा आणि तिथून तुम्हाला 'बाईऽऽ' अशी हाक मारायला सांगा. ती हाक पेटीवर एका बोटाने शोधा. माझ्या शाळेत ती बहुतेक वेळा काळी तीन-चारच्या (सप्तकातल्या डावीकडून तिसऱ्या-चौथ्या काळ्या पट्टीच्या) आसपास सापडायची. म्हणजे सा काळी एकला धरला, की मुलांचा मोकळा आवाज म-प वर, गाण्याच्या बरोबर मध्यावर येतो.

आता पेटी. पांढऱ्या पट्ट्या सध्या विसरा. काळी एकवर लाल टिकली चिकटवा. तिथून सलग पाच काळ्या पट्ट्या म्हणजे सा रे म प ध. हे दुर्गा रागाचे सूर. बोट कुठेही पडलं तरी कानाला खटकत नाही, म्हणून सहा वर्षांचं मूलही पहिल्या दिवशी न घाबरता वाजवतं. महिनाभराने टिकली काळी तीनवर हलवा. त्याच पट्ट्या, पण तिथून मोजल्या की सा रे ग प ध, म्हणजे भूप. हा बदल ऐकून मुलं चमकतात. मी दरवर्षी त्या तासाची वाट बघायचो.

पेटीवर नेहमी दोघं बसवा. एक भाता मारेल, दुसरा बोटं चालवेल. लहान मुलाला दोन्ही हातांची दोन कामं एकदम जमत नाहीत, आणि भाता मारणाऱ्याचे कान जास्त तयार होतात. बाकीच्यांच्या हातात करवंट्या द्या, कोकणात त्या फुकट आहेत. दादरा हा सहा मात्रांचा ताल घ्या. 'धा धी ना'ला करवंटी वाजवायची, 'धा ती ना'ला हात उघडे, आवाज नाही. वाजवणं सगळ्यांना येतं. चौथ्या मात्रेला न वाजवता थांबणं पहिलीच्या मुलांना कठीण जातं, त्याला पंधरा दिवस लागले तरी लागू द्या.

आणि कुणाला बेसूर म्हणू नका. माझ्याकडे दुसरीत एक मुलगा होता, सगळं गाणं एकाच सुरात म्हणायचा. एका स्नेहसंमेलनात मी त्याला मागच्या रांगेत उभं करून गप्प राहायला सांगितलं. त्याचा चेहरा अजून डोळ्यांपुढे येतो. पुढच्या वर्षी मी त्याचा सूर पेटीवर शोधला, तो पांढरी सात निघाला. मग अख्ख्या वर्गाचा सा तिथे आणला. आठवडाभर सगळे त्याच्या सुरात गायले. दुसऱ्या आठवड्यात पांढरी एक, तिसऱ्या आठवड्यात काळी एक. तो आमच्याबरोबर वर आला.

अडकणारी पट्टी बहुधा पावसाने फुगलेल्या लाकडामुळे असेल. उन्हात ठेवू नका, चार दिवस कोरड्या सावलीत झाकण उघडं ठेवा. मुक्या पट्टीच्या सुरीखाली, म्हणजे आवाज देणाऱ्या आतल्या पितळी पातीखाली, कचरा असणार. आधी ती दाबून भाता जोरात मारून बघा. नाहीच झालं तर कारागिराकडे न्या, आत ब्लेड घालू नका. पितळी सुरी वाकली की सूर बदलतो.

मांडवीकाठ:
काळी एक सरांशी सहमत, आधी गळा. आमच्या गोव्यात चर्चच्या पारिश शाळांत मुलं पूर्वी आधी सोल्फा (डो रे मी, म्हणजे पाश्चात्त्य सा रे ग) म्हणायला शिकायची, व्हायोलिन नंतर हातात यायचं. मुंबईच्या सिनेमांच्या ऑर्केस्ट्रात इतके गोंयकार वादक होते, त्यांतले कितीतरी अशाच शाळांत घडले.

माझा एक प्रश्न. मुलगा तिसरीत आहे, क्लासच्या बाई त्याला यंदाच गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक या संगीत परीक्षेला बसवा म्हणतात. बसवू का?

काळी एक:
मांडवीकाठ, तो घरी कुणी न सांगता गुणगुणतो का? गुणगुणत असेल तर बसवा, परीक्षा त्याला जड जाणार नाही. फक्त तास संपायची वाट बघत असेल, तर वर्षभर थांबा.

सागरवाट:
तीन आठवड्यांनी लिहिते आहे. हाकेचा प्रयोग केला, आमची काळी तीन निघाली. परिपाठ आता काळी एकमध्ये होतो आणि पहिलीची मुलं खरंच गातात. सर, ऐकताना माझा गळा दाटून आला. बुवा दोन शनिवार येऊन गेले. करवंट्या ४६ जमल्या. 'धा ती ना'ला अजून पाच-सहा जण वाजवतातच.

काल पहिलीतली एक मुलगी दप्तरातून देव्हाऱ्यातली घंटी घेऊन आली. आजीला न विचारता. तिला त्या घंटीचा सूर पेटीवर हवा होता. आम्ही दोघींनी मधली सुट्टीभर शोधला. तो काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मध्येच कुठेतरी बसतो. मी म्हटलं उद्या सांगते. काय सांगू तिला?

काळी एक:
खरं तेच सांगा, की हा सूर पेटीत नाही. मग घंटी वाजवा आणि तिला म्हणा, तू गाऊन दाखव. मात्र त्याआधी घंटी आजीकडे पोचवायची सोय करा, संध्याकाळी पूजेला लागेल.