मदत हवी आहे: फायबर बंद पडल्यावर ४जीवर आपोआप जाणारी भरवशाची मांडणी

नमस्कार मंडळी,

आमचे घर कुडाळजवळच्या गावात आहे. माझे हिशेबाचे काम घरूनच व्हीपीएनवर (कामाच्या जाळ्याशी जोडणारी सुरक्षित जोडणी) चालते आणि पत्नी संध्याकाळी दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते, त्यामुळे इंटरनेट खंडित होणे आम्हाला परवडत नाही.

मुख्य जोडणी फायबरची आहे. पावसात फांदी पडून केबल तुटली की ओएनटीवरचा (घरात फायबर जिला जोडतात त्या पेटीवरचा) एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लुकलुकतो आणि बिघाड कुठे आहे ते लगेच कळते. खरा त्रास दुसऱ्या प्रकाराचा आहे. पॉनचा, म्हणजे कंपनीच्या यंत्राशी जोडणी असल्याचा, हिरवा दिवा स्थिर असतो, ओएनटीच्या पानावर ऑप्टिकल पॉवर (तारेतून येणाऱ्या प्रकाशाची तीव्रता) उणे २१ डीबीएम, म्हणजे व्यवस्थित दिसते, तरीही एकही संकेतस्थळ उघडत नाही. याचा अर्थ घरापर्यंतची तार शाबूत असून दोष कंपनीच्या पुढच्या जाळ्यात आहे.

दुसरी फायबर घेण्यात अर्थ वाटला नाही, कारण तिची केबलही त्याच खांबांवरून येते आणि एकच फांदी दोन्ही तोडू शकते. म्हणून ४जी सिमचे राउटर घेतले. चिऱ्याच्या भिंतींमुळे आत रेंज मिळत नाही, तेव्हा ते माडीच्या खिडकीत ठेवून तिथून लॅनची केबल खाली आणली आहे. दोन्ही जोडण्या दोन वॅन पोर्टांच्या (बाहेरचे इंटरनेट जोडायच्या जागांच्या) राउटरला दिल्या आहेत. लोड बॅलन्सिंग (दोन्ही जोडण्या एकाच वेळी वापरणे) नको आहे, कारण मधेच आयपी बदलला की बँकेची संकेतस्थळे लॉगआउट करतात. ४जी केवळ राखीव हवे.

केबल उपटून पाहिली तर राउटर बरोबर ४जीवर जातो. मात्र वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारात ओएनटी आणि राउटर यांच्यामधला दुवा जिवंत असल्याने फायबर चालू आहे असेच तो समजतो, आणि दूरचा पत्ता पिंग करून (छोटा संदेश पाठवून उत्तर येते का पाहून) खात्री करण्याची सोय त्यात नाही. त्यामुळे मायक्रोटिक एचईएक्स या राउटरवर रिकर्सिव्ह राउटिंग (दूरच्या पत्त्याचे उत्तर येते तोवरच तो मार्ग चालू धरणे) करावे की ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्त प्रणालीवर एमवॅन३ हे जोडण्या तपासून बदलणारे पॅकेज वापरावे, असा प्रश्न पडला आहे. दोन्ही वापरलेल्यांनी कृपया अनुभव सांगावा.

माझी योजना अशी आहे की ८.८.८.८ (गूगल) आणि १.१.१.१ (क्लाउडफ्लेअर) हे सार्वजनिक डीएनएसचे, म्हणजे संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या सेवांचे, दोन्ही पत्ते फायबरवरूनच तपासायचे आणि दोघांचेही उत्तर आले नाही तरच जोडणी बंद धरायची. रिकर्सिव्ह पद्धतीत हे पत्ते फायबरला बांधले जातात, म्हणून घरातल्या उपकरणांचे डीएनएस म्हणून ते ठेवायचे नाहीत, हे माझ्या लक्षात आहे. पण किती सेकंदांनी तपासावे? आणि फायबर परत आल्यावर ती स्थिरावल्याची खात्री होण्यासाठी किती वेळ थांबावे, म्हणजे सारखी अदलाबदल होणार नाही?

दुसरा प्रश्न व्हीपीएनचा आहे. जोडणी बदलली की बाहेरचा आयपी बदलतो, बोगदा (व्हीपीएनची जोडणी) तुटतो आणि अर्धवट नोंद पुन्हा करावी लागते. मुंबईतल्या एखाद्या भाड्याच्या सर्व्हरपर्यंत राउटरवरून वायरगार्ड (हाही एक व्हीपीएनचा प्रकार) चालवून कामाची व्हीपीएन त्यातून नेली, तर बदल होऊनही ती टिकेल का? वायरगार्ड आयपी बदलला तरी सांभाळून घेते, पण बोगद्यातून दुसरा बोगदा नेताना एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) किती ठेवावा लागतो?

विजेची अडचण नाही. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवल्यापासून लाइट गेली तरी राउटर रीस्टार्ट होत नाहीत.

कोणी अशी मांडणी प्रत्यक्ष चालवत असल्यास कृपया आपली सेटिंग्ज इथे द्यावीत.