कोलॉइड सिस्ट : दुर्बिणीने की कवटी उघडून? दोन डॉक्टर, दोन मतं

सांगलीची_वहिनी : माझ्या दिराचं (41) डोकं बरेच दिवस दुखत होतं, खाली वाकला की जास्तच, एमआरआय केला तर थर्ड व्हेंट्रिकलमध्ये (मेंदूतल्या पाण्याच्या एका पोकळीत) 14 एमएमची कोलॉइड सिस्ट, म्हणजे घट्ट द्रवाने भरलेली गाठ, निघाली. कॅन्सर नाही असं दोघेही डॉक्टर म्हणतात, पण एकाचं म्हणणं छोटं भोक पाडून दुर्बिणीने काढू आणि दुसऱ्याचं कवटी उघडून मायक्रोस्कोपखाली. सासूबाईंना चिरफाडच नकोय, गामा नाइफने, म्हणजे बाहेरून रेडिएशन देऊन, नाही का होणार?

न्यूरो_रेसिडेंट : ताई गामा नाइफ विसरा, या सिस्टवर रेडिएशनचा उपयोग नाही. दोन्ही डॉक्टर बरोबरच आहेत. सिस्ट असते फोरामेन ऑफ मन्रोच्या तोंडाशी, म्हणजे मेंदूतलं पाणी जिथून खाली उतरतं तिथेच, म्हणून पाणी तुंबतं आणि व्हेंट्रिकल फुगतात. फुगले असतील तर दुर्बिणीला आत जागा मिळते, पेशंट लवकर घरी जातो, पण सिस्टच्या भिंतीचा तुकडा कधीकधी राहतो. कवटी उघडून करतात त्या ट्रान्सकॅलोसलमध्ये मेंदूच्या दोन अर्धांमधल्या फटीतून जाऊन त्यांना जोडणाऱ्या पट्ट्याला, कॉर्पस कॅलोसमला, छोटी चीर देतात, व्हेंट्रिकल फुगलेले नसले तरी जमतं आणि सिस्ट अख्खी निघायची शक्यता जास्त. अमेरिकन न्यूरोसर्जन वॉल्टर डँडीने 1921 मध्ये मायक्रोस्कोप नसताना काढली होती! खरी धास्ती फॉर्निक्सची, म्हणजे आठवणींशी संबंधित मज्जातंतूंच्या जुडग्याची, तो शेजारीच असतो, धक्का लागला तर स्मरणशक्तीवर येतं, आणि हे दोन्ही पद्धतींत होऊ शकतं.

मिरजकर77 : आमच्या भावाचं कवटी उघडून झालं. सुरुवातीला सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवायचं नाही, आम्ही जाम घाबरलो, पण हळूहळू सुधारला, आता दुकानाचा हिशोब तोच बघतो. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत बसतंय का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला ॲडमिट व्हायच्या आधीच विचारा, नंतर कागदांसाठी पळापळ होते.

काकू_पुणे : दुर्बिणवाल्या डॉक्टरांना एवढं विचाराच, आत रक्त आलं आणि दिसेनासं झालं तर लगेच उघडून करायची तयारी आहे का? आणि अशा किती केल्यात? चांगला सर्जन या प्रश्नावर चिडत नाही.

सांगलीची_वहिनी : रिपोर्टमध्ये मॉडरेट हायड्रोसेफॅलस (म्हणजे पाणी तुंबून व्हेंट्रिकल मध्यम फुगलेत) लिहिलंय. ऑपरेशन पुढच्या महिन्यात, दिवाळी झाल्यावर करू म्हणतायत घरचे. तोवर त्याने बाइक चालवली तर चालेल ना?

न्यूरो_रेसिडेंट : बाइक अजिबात नको, आणि दिवाळीपर्यंत थांबायचं की नाही हे घरच्यांनी नाही, सर्जनने ठरवायचं, उद्याच फोन करा. ही सिस्ट अचानक पाणी पूर्ण अडवू शकते, जीवावर बेततं. डोकं एकदम वाढलं, उलट्या सुरू झाल्या किंवा झापड यायला लागली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट कॅज्युअल्टीत न्या, एमआरआयची सीडी सोबत ठेवा.