अंगणवाडीतील वाचनपूर्व उपक्रमासाठी शासकीय निधी नेमका कोणत्या मार्गाने मिळतो?

प्रश्न : वाचनालयाच्या कार्यवाह, पलूस तालुका (जि. सांगली)

सर्वांना नमस्कार. आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालय शासनमान्य असून ‘ड’ म्हणजे सर्वांत खालच्या वर्गात आहे. गावातील दोन अंगणवाड्यांमध्ये आम्ही आठवड्यातून एकदा गोष्टींचा तास घेतो. मोठ्या चित्रांची पुस्तके मुलांसमोर धरून वाचायची, चित्रांवर त्यांना बोलते करायचे आणि नंतर ती पुस्तके त्यांच्या हातात द्यायची, एवढेच या तासाचे स्वरूप आहे. हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या तळावर बीडकडून आणि जतच्या पूर्व भागातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांच्या कोप्यांवरची (तात्पुरत्या झोपड्यांतली) तीन ते सहा वर्षांची मुलेही या तासाला बसावीत, अशी आमची मनापासून इच्छा आहे. जतकडच्या काही मुलांची घरची भाषा कानडी असल्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी पुस्तकेही लागतील.

आतापर्यंतचा सगळा खर्च सभासदांच्या वर्गणीतून झाला. आता पुस्तके, ती ठेवण्यासाठी उघडी मांडणी, बैठकीसाठी सतरंज्या, सेविकाताईंचे प्रशिक्षण आणि नियमित तास घेणाऱ्या एका मुलीचे मानधन यांसाठी निधी हवा आहे. पंचायत समितीत विचारले तर महिला व बालकल्याण विभागाकडे जाण्यास सांगितले जाते, तर शिक्षण विभागात हे ‘निपुण भारत’मध्ये (लहान मुलांच्या पायाभूत वाचन-गणिताच्या केंद्रीय अभियानात) बसेल असे उत्तर मिळते. शिवाय एका गृहस्थांनी केंद्राचे अनुदान मिळवून देण्याची तयारी दाखवली असून प्रस्ताव तयार करण्यासाठी ते आगाऊ रक्कम मागत आहेत. आमच्यासारख्या छोट्या संस्थेला बालशिक्षणासाठी थेट शासकीय अनुदान मिळू शकते का, आणि मिळत नसेल तर अर्ज कोणाकडे व कोणत्या नावाने करावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १ : निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी, सातारा

ताई, प्रथम त्या आगाऊ रकमेविषयी सांगतो. ती देऊ नका. ज्या योजनांमधून लहान मुलांच्या शिक्षणावर सरकारी पैसा खर्च होतो, त्यांपैकी कोणत्याही योजनेत गावातील संस्थेने मध्यस्थामार्फत प्रस्ताव पाठवावा आणि रक्कम संस्थेच्या खात्यावर जमा व्हावी, अशी व्यवस्था नाही. हा पैसा अंगणवाडी, शाळा, ग्रामपंचायत आणि ग्रंथालय अशा चार निरनिराळ्या घरांत येतो. त्यामुळे आपला उपक्रम त्या-त्या घराच्या आराखड्यात वेळेवर कसा लिहिला जाईल, हे पाहण्यात आपली शक्ती खर्च व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

असे का झाले, हे समजून घेतल्यास कार्यालयांत मिळणाऱ्या वेगवेगळ्या उत्तरांचाही उलगडा होईल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयोगटाला हक्क दिला. त्याखालील मुलांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय शासनाने ‘करावी’ असे कलम ११ सुचवते, पण तो हक्क म्हणून देत नाही. ८६ व्या घटनादुरुस्तीनंतर अनुच्छेद ४५ मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या बालकांचे संगोपन व शिक्षण आले खरे, परंतु ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे. परिणामी हा वयोगट प्रामुख्याने २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेकडे, म्हणजेच महिला व बालविकास विभागाकडे राहिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला, मात्र पैशांचे रस्ते अजून दोन खात्यांमधून वेगवेगळेच जातात. तुम्हाला दोन कार्यालयांत दोन उत्तरे मिळाली, ती दोन्ही आपापल्या जागी अर्धी बरोबर आहेत.

‘निपुण भारत’ ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले आणि त्याचा खर्च समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या योजनेतून होतो, ज्यात आपल्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के आहे. या योजनेत सरकारी शाळांना जोडलेल्या पूर्वप्राथमिक वर्गांसाठी शैक्षणिक साहित्य व खेळण्यांकरिता प्रति बालक वार्षिक ५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. वाक्य नीट वाचावे: ‘सरकारी शाळांना जोडलेले वर्ग’. तुमच्या अंगणवाड्या शाळेच्या आवारात असतील, तर मुख्याध्यापकांशी आणि केंद्रप्रमुखांशी बोलण्यात अर्थ आहे. आवाराबाहेर असतील, तर हा रस्ता सोडून द्यावा. शाळेला याच योजनेतून ग्रंथालय अनुदानही मिळते आणि प्राथमिक शाळेसाठी त्याची मर्यादा ५,००० रुपये आहे. पुस्तकांची यादी ठरताना पहिली-दुसरीच्या मुलांसाठी चित्रपुस्तके घ्यावीत, असा आग्रह शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत धरता येतो, आणि तो धरणारे कोणी नसते म्हणूनच अनेक शाळांच्या कपाटांत लहानांना न वाचता येणारी पुस्तके साठतात.

सातारा जिल्ह्याचा अनुभव इथे उपयोगी पडेल. कुमठे बीटमधील (शाळांच्या एका गटातील) जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलांनी स्वतः अनुभवातून शिकण्याच्या, पद्धतीने जे काम उभे केले, ते पाहायला राज्यभरातून शिक्षक येत असत. तिथे जमिनीवर आखलेली रेखाटने, खडे, बिया, काड्या, शब्दपट्ट्या अशा साध्या साहित्यावर मुले शिकत होती. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी उभारलेल्या प्रगत शिक्षण संस्थेने आरंभिक वाचनावर कित्येक वर्षे काम केले आहे. तास घेणाऱ्या मुलीला प्रशिक्षण द्यायचे असेल, तर मोठा प्रस्ताव मांडण्यापूर्वी फलटणला एकदा जाऊन या.

उत्तर २ : अंगणवाडी मुख्यसेविका, सांगली जिल्हा

सरांनी मांडले ते योग्यच आहे. अंगणवाडीच्या बाजूने काही गोष्टी सांगते.

अंगणवाडीचा पूर्वप्राथमिक शिक्षणाचा खर्च आता ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ या नावाखाली होतो. १० मे २०२३ रोजी केंद्राने ‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात अंगणवाडीत दररोज किमान दोन तास पूर्वप्राथमिक शिक्षण व्हावे, अशी अपेक्षा आहे, आणि सेविकांना त्याचे प्रशिक्षण शासनाकडूनच दिले जाते. म्हणून तुमच्या यादीतील प्रशिक्षण ही बाब वगळा. त्याऐवजी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना पत्र देऊन बीटच्या (परिसरातील अंगणवाड्यांच्या गटाच्या) मासिक बैठकीत गोष्ट वाचून दाखवण्याचे प्रात्यक्षिक घेण्याची परवानगी मागा. त्याला पैसे लागत नाहीत आणि तुमच्या दोन अंगणवाड्यांबरोबरच बीटमधील सगळ्याच सेविकांपर्यंत ते पोहोचते. आठवड्याचा तासही सेविकेशी असलेल्या ओळखीवर न चालवता प्रकल्प अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीने चालवा. उद्या सेविका बदलली तरी तो थांबणार नाही.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी २०२४ मध्ये ‘आधारशिला’ हा राष्ट्रीय अभ्यासक्रम आला. त्याची आखणी आठवड्यांप्रमाणे असून त्यात गोष्ट, गाणे, संभाषण आणि मुक्त खेळ यांना मोठी जागा आहे. तुम्ही पत्रात उपक्रमाचे वर्णन करताना तो या आखणीला कसा पूरक आहे, हे चार ओळींत लिहिलेत, तर परवानगी मिळणे सोपे होईल.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. निधी मिळाला की त्यातून अक्षरे गिरवण्याच्या छापील वह्या घेण्याचा मोह होतो, कारण वह्या भरलेल्या दिसल्या की पालक समाधानी होतात आणि तपासणीतही दाखवायला काहीतरी हातात असते. निपुण भारतच्या उद्दिष्टांत बालवाटिकेच्या अखेरीस अक्षरे व त्यांचे आवाज ओळखणे आणि दोन-तीन अक्षरांचे सोपे शब्द वाचणे अपेक्षित आहे. पण ती बालवाटिका म्हणजे पहिलीच्या आधीचे वर्ष, तीन वर्षांच्या बाळाचा वर्ग नव्हे. ज्या मुलाने अजून भरपूर गोष्टी ऐकलेल्या नाहीत, ज्याला स्वतःला काय दिसले ते सांगायची सवय झालेली नाही, त्याच्या बोटांत पेन्सिल अडकवून आपण त्याच्या वाचनाचा पाया घालत नाही. तुमचा पैसा पुस्तकांवरच जाऊ द्या.

कोप्यांवरच्या मुलांविषयी: गाव सोडून आलेल्या लाभार्थ्यांचे स्थलांतर पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या नोंदींच्या ॲपमध्ये नोंदवता येते, त्यामुळे आईकडचा आधार क्रमांक आणि मूळ गावच्या अंगणवाडीचे नाव मिळाल्यास मुलाला तुमच्या गावच्या अंगणवाडीत सेवा मिळू शकते. हे काम हंगामाच्या पहिल्याच आठवड्यांत टोळीच्या मुकादमाला सोबत घेऊन करावे लागते. टोळ्या फडावर पहाटेच निघतात आणि आया दिवसभर भेटत नाहीत, म्हणून नोंदणीला संध्याकाळी तळावर जावे. मुलांची नोंद झाली की त्यांच्यासाठी साहित्य मागायला आधार मिळतो. नोंदच नसेल, तर ती मुले कोणत्याच आराखड्यात दिसत नाहीत.

उत्तर ३ : ग्रामपंचायत अधिकारी, कराड तालुका

सतरंज्या, मांडणी आणि पुस्तके या तुमच्या गरजा ग्रामपंचायतीतून भागू शकतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करणे बंधनकारक आहे आणि अंगणवाडीला साहित्य पुरवणे हा त्यातला नेहमीचा खर्च आहे. घरपट्टीची वसुली चांगली असलेल्या गावात ही रक्कम लहान नसते. पण वर्षअखेरीस, मार्च उजाडला की ती घाईघाईने खर्ची पडते, आणि कोणी आधीपासून मागणी नोंदवलेली नसेल तर खुर्च्या किंवा भांडी घेऊन विषय संपतो.

वित्त आयोगाच्या निधीबद्दल अनेकांच्या मनात गोंधळ असतो. पंधराव्या वित्त आयोगाचा कालावधी २०२१-२२ ते २०२५-२६ असा ठरला. त्यात ६० टक्के निधी पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित, तर ४० टक्के अबंधित होता, आणि अबंधित निधीतूनही पगार किंवा आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. त्यामुळे तास घेणाऱ्या मुलीच्या मानधनासाठी वित्त आयोगाच्या पैशांवर विसंबू नये. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याची प्रक्रिया साधारणपणे २ ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामसभेपासून सुरू होते. त्या सभेपूर्वी सरपंचांच्या नावे लेखी मागणी द्या, अंगणवाडी क्रमांक व पटसंख्या त्यात लिहा, वस्तूंची यादी दरांसह जोडा आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात मागणीची नोंद झाल्याची खात्री करून घ्या. साहित्य अंगणवाडीच्या नावावर खरेदी होईल, वाचनालयाच्या नाही. या गोष्टीला तुमच्या समितीची आधीच संमती असू द्या.

मोठा खर्च असेल, उदाहरणार्थ अंगणवाडीची इमारत किंवा खोली, तर जिल्हा वार्षिक योजना आणि आमदार स्थानिक विकास निधी हे मार्ग आहेत. जिल्हा वार्षिक योजनेत महिला व बालविकासासाठी ३ टक्के निधी राखीव ठेवण्याचा राज्याचा निर्णय आहे. तुमच्या गरजेपेक्षा हे मार्ग मोठे आहेत, म्हणून त्यांत वेळ घालवू नका.

उत्तर ४ : ग्रंथपाल, मिरज

आपण स्वतःचे घर विसरलात, असे वाटते. आपले वाचनालय १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यताप्राप्त आहे, म्हणजे वार्षिक परिरक्षण (ग्रंथालय चालवण्यासाठीचे) अनुदान आपल्याला मिळतेच. त्यातून होणाऱ्या ग्रंथखरेदीत बालसाहित्याचा हिस्सा वाढवणे हे आपल्या ग्रंथ निवड समितीच्या हातात आहे. याखेरीज कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान, जे १९७२ मध्ये स्थापन झाले आणि केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तकांसाठी आणि बालविभागासाठी साहाय्य देते. प्रश्नात आपण थेट केंद्राच्या अनुदानाविषयी विचारले आहे. आपल्या संस्थेच्या नावाने येऊ शकेल असे साहाय्य मला तरी हेच दिसते. प्रस्ताव जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत जातो. त्यासाठी अंकेक्षित हिशेब, अनुदान-आदेशांच्या प्रती आणि जागेची कागदपत्रे तयार ठेवावीत.

जतच्या मुलांसाठी कानडी पुस्तके घेण्यात संकोच करू नये. नॅशनल बुक ट्रस्टची तीच चित्रपुस्तके अनेकदा मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत मिळतात, आणि प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर दोन्ही भाषांतील गोष्टी मुक्त परवान्याखाली असल्यामुळे त्या विनामूल्य छापून घेता येतात. एकच गोष्ट दोन भाषांत शेजारी-शेजारी ठेवली, तर कानडी बोलणारे मूल तासाला गप्प बसून राहत नाही.

प्रश्नकर्त्यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आगाऊ रक्कम मागणाऱ्या गृहस्थांना नकार कळवत आहोत. ग्रामसभेची मागणी आणि प्रकल्प अधिकाऱ्यांचे पत्र ही दोन कामे या आठवड्यात होतील. मानधनाचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. परिसरातील एका उद्योगाकडून सामाजिक दायित्व निधी मिळण्याची शक्यता आहे. त्यासाठी काय तयारी लागेल?

उत्तर ५ : सनदी लेखापाल, सांगली

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी (सीएसआर) खर्च करावी लागते आणि अनुसूची ७ मध्ये शिक्षण येते, त्यामुळे मानधनासाठी हा मार्ग योग्य आहे. मात्र १ एप्रिल २०२१ पासून असा निधी घेऊन काम करणाऱ्या संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्याआधी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी, आयकराच्या १२अ (संस्थेला करसवलत) व ८०जी (देणगीदाराला करसवलत) खालील नोंदण्या आणि किमान तीन वर्षांच्या कामाचा पुरावा हवा. सार्वजनिक वाचनालयांची न्यास म्हणून नोंदणी बहुधा असते, पण आयकराच्या नोंदण्या अनेकांनी केलेल्या नसतात. प्रथम ते तपासा.

केंद्राचे साहाय्य घेतल्यास त्याचे बँक खाते व खतावणी वेगळी ठेवा. सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ नुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचे) द्यावे लागते आणि अनुदानाच्या रकमेवर मिळालेले व्याज शासनाला परत करावे लागते. वर्गणी, सीएसआर आणि अनुदान एकाच खात्यात मिसळले, तर ते व्याज वेगळे काढून दाखवणे फार कठीण जाते. खाते उघडण्याचा ठराव समितीच्या येत्या बैठकीतच करून घ्या आणि ठरावाची प्रत प्रस्तावासोबत जोडा.