पुरंदरचा तह कामगारांच्या उपयोगाचा की साहेबांच्या?

तिसरी शिफ्ट:
चाकणला एका कारखान्यात लाइन सुपरवायझर आहे. परवा कंपनीने बाहेरून वक्ता बोलावला, विषय ‘शिवरायांकडून व्यवस्थापन’. दीड तास अफझलखान, आग्रा, पुरंदर. 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना 23 किल्ले दिले, 12 राखले, 1670 पासून परत घेत गेले. तात्पर्य काय, तर मंदीत दोन पावलं मागे या. समोरच्या ऑपरेटरने कुठला किल्ला द्यायचा? त्याच्याकडे एकच आहे, महिन्याचा पगार.

माझं म्हणणं, महाराजांच्या जागी स्वतःला बसवून धडे शोधू नका, हवालदाराच्या जागी बसून वाचा. 1674 मध्ये, राज्याभिषेकाच्या काही आठवडे आधी, चिपळूणकडच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार (घोडदळातले अधिकारी) आणि कारकुनांना महाराजांकडून गेलेलं पत्र घ्या. पावसाळ्यासाठी साठवलेलं दाणागवत आत्ताच उधळलंत तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही गावात शिरून कुणब्याचं दाणं, भाजी, लाकूडफाटा ओढाल आणि लोक म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात नेईल, गवत पेटेल. हुकूमच आहेत, पण कारणासकट! आमच्या नोटिशीत कारण नसतं, ‘कठोर कारवाई’ तेवढी असते. पत्र वाचल्यापासून मी पोरांना ‘लाइनमधली हवा सोड’ म्हणून थांबत नाही, का सोडायची तेही सांगतो. फरक पडलाय.

हिशेबनीस:
पत्र अर्धंच सांगितलंत. त्यात ताकीदही आहे की आगळीक झाली तर इज्जत वाचणार नाही, मग रोजगार कसला? ही तुमची कठोर कारवाईच की.

तिसरी शिफ्ट:
मान्य. पण आधी कारण, मग ताकीद. आमच्याकडे दुसरं पानच छापून येतं.

पानामास्तर:
दोघांचंही पटत नाही. स्वराज्याचा शिपाई आणि कंत्राटावरचा पोरगा यांची तुलनाच कशाला? शिकायचंच तर सभासदाच्या बखरीतलं शिका. लष्कराला गावं मोकासे तोडून, म्हणजे गावाचा वसूल नेमून न देता पगार, रोख किंवा वरातेने, म्हणजे पैसे देण्याच्या सरकारी चिठ्ठीने. शिपायाने आपल्या पोटासाठी रयत नागवू नये म्हणून. ही स्लाइड कुठल्या वक्त्याने दाखवली का? दाखवणार नाही. लगेच कुणीतरी ओव्हरटाइम विचारेल.

माळावरचा:
नेसरी विसरलात सगळे. 1673 ला उमराणीला सरनौबत, म्हणजे सेनापती, प्रतापराव गुजरांनी विजापूरच्या बहलोलखानाला कोंडून सोडून दिलं. महाराजांचे कडक शब्द आले. पुढच्या फेब्रुवारीत नेसरीला सरनौबत सहा स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही मारले गेले. नोकरदाराने यातून काय घ्यायचं? माझं मत, वरच्याचा बोल जिव्हारी लागला तरी मागे असलेली फौज सोडून एकट्याने धावू नये. मीही एकदा बॉसच्या एका मेलवर रात्रीत राजीनामा टाकलाय. सहा महिने घरी बसलो.

हिशेबनीस:
हद्द झाली. सात वीरांचं मरण तुमच्या राजीनाम्याशेजारी? हाच तर त्या वक्त्याचा दोष!

माळावरचा:
बरोबरी नाही केली हो. सरनौबतच पडला तर फौजेचं काय, एवढंच म्हणतोय. आणि महाराजांनी पुढे हंबीररावांना सरनौबत केलं. दौलत एका माणसावर अडली नाही, हे आपण घरी सहा महिने बसल्यावर कळतं.

पानामास्तर:
म्हणजे शेवटी मालकाचाच धडा. कुणावाचून अडत नाही म्हणे.

तिसरी शिफ्ट:
पानामास्तर, शनिवारी त्याच वक्त्याचं दुसरं सत्र आहे. शेवटी प्रश्न विचारू देतात. वरातेचं मी विचारतो, तुमचं नाव न घेता.

पानामास्तर:
घ्या की. माझं काय जातंय, मी रिटायर आहे.